वलांडीवरची गाजरं

माझ्या आईला गोडाची अक्कल नव्हती, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे तिच्याकडून फार अपेक्षा ठेवून कुणी पुढे वाचणार नाही. वेसाव्याची कोळीण ती. सकाळी अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची, दुपारी घरी येऊन उरलेल्याला मीठ लावायची. गोड म्हणजे तिच्या लेखी नारळीपौर्णिमेच्या करंज्या, आणि त्याही दरवर्षी अर्ध्या फुटायच्या. अशा बाईने एका हिवाळ्यात गाजराची कँडी करायला घेतली, ती माझ्या दादामुळे.

दादा साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करायचा. त्याला बोट लागायची. कोळ्याचा पोर आणि बोट लागते, यावरून गावाने त्याला लहानपणापासून पिडलं होतं. बाबा तर म्हणायचे, हा आंघोळीची बादली हलली तरी ओकेल. त्या काळात जो तो गल्फला निघाला होता. दादालाही मस्कतची नोकरी लागली, आणि तो जमिनीवरची नोकरी मिळाली म्हणून आमच्यात सगळ्यात जास्त खूश होता.

आता आमच्या घरची एक रीत. माणूस बोटीवर निघाला, की घरच्या बाईने स्वतःच्या हाताने सुकवलेलं काहीतरी त्याच्या शिध्यात घालायचं. आणि त्याने ते सगळं संपवायचं नाही. शेवटचा तुकडा परत आणून तिच्या हातावर ठेवायचा. तुकडा परत आणायचाय म्हटल्यावर माणसाला परत यावंच लागतं, असा हिशोब. बाबांनी आणलेला तुकडा आई मांजरीला घालायची आणि मगच बाबांना पाणी विचारायची. बाबा म्हणायचे, या घरात बायकोपेक्षा मांजर माझी जास्त वाट बघते.

तर आई बोंबील निवडायला बसली, आणि दादा म्हणाला, "आये, सुकं काय पण देऊ नको हां. एका खोलीत कुठली कुठली माणसं असणार. पहिल्याच दिवशी बॅगेतून वास आला तर माझी वाट लागली. वर्षभर तेच नाव पडेल."

आई भांडली असती तर बरं झालं असतं. तिने निवडलेले बोंबील परत टोपलीत टाकले. रात्रीचं जेवण वाढताना तिने दादाला मासा वाढला आणि स्वतःला वाढायला विसरली. मला तेव्हा तिचा रागच आला होता. एवढं काय त्यात, मला कळेना. मग ती आपणहून म्हणाली, "बाबा तुझे पाण्यातनं जातात तरी येतात. हा आकाशातनं जाणार, आणि हाताला माझं कायच नाय." तेव्हा मला कळलं, की ही बाई घाबरली आहे.

तिच्या गिऱ्हाइकांत पार्ल्याची एक बाई होती. पापलेट घेताना अर्धा तास घासाघीस करायची. तिच्याकडून आईला समजलं, की पार्ल्याच्या महिला मंडळात भाज्या पाकात मुरवून, सुकवून त्यांचा खाऊ करायचा वर्ग चालतो. गाजर, बीट, लाल भोपळा. सुकवून, आणि वास नाही. आईने त्या दिवशी पापलेट बाईच्या भावात दिलं आणि वर्गात नाव घातलं.

सकाळी बाजार, मग घरी येऊन साबण लावून दोनदा आंघोळ, कडक लुगडं, सोन्याची कर्णफुलं, अंबाड्यात गजरा, आणि आई चालली गाजर शिकायला. मी सोबत जायचे. पार्ल्याच्या बायका सुरी धरून गाजराचे तुकडे करायच्या, आई विळीवर बसायची. त्यांचं एक गाजर होईपर्यंत हिचं पातेलं भरलेलं. गाजराचा मधला दांडा काढायचा असतो, तर तो आई बोंबलाचा काटा काढावा तसा एका फटक्यात ओढायची. तोंड मात्र बंद राहत नसे. शिकवणाऱ्या बाईंनी साखरेचं माप सांगितलं की ही विचारायची, "एवढी? निम्म्यात नाय व्हायचं?" बायकांनीही गाजर शिकता शिकता तिच्याकडून ताजी सुरमई ओळखायला शिकून घेतली. सगळ्यांचा फायदा झाला.

पाकात मुरवण्यापर्यंत तिने सगळं अगदी सांगितल्याप्रमाणे केलं. गाजराच्या लांब लांब फोडी वाफवल्या, पाकात घातल्या, रोज फोडी काढून पाक आटवून पुन्हा घातल्या. घरभर वेलचीचा वास. बाबा म्हणाले, चुकून भटाच्या घरात आलो की काय. घोडं अडलं ते सुकवण्यापाशी. बाईंनी सांगितलं होतं, फोडी निथळून ताटात पसरा, वर पातळ कापड टाका, घरातच ठेवा.

"ताटात काय सुकतं?" आई म्हणाली. "खालनं वारा लागायला नको?"

मी म्हटलं, "गे आये, बाईंनी सांगितलंय ना तसं कर."

"बाईला गाजर कळतं. सुकवायचं मला नको शिकवू."

आणि ती वलांडीवर गेली. समुद्राकाठी बांबू रोवून त्यांच्यात दोर ताणतात, त्यावर बोंबील टांगतात, ती वलांडी. बोंबील टांगायची पण पद्धत असते. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरावर टाकायची. आईने गाजराच्या प्रत्येक फोडीला वर चीर दिली, एकीत दुसरी अडकवली, आणि लाल जोड्या ओळीने दोरावर टाकल्या. डावीकडे बोंबील, उजवीकडे बोंबील, मधे गाजर. माश्या आणि कावळे बोंबील सोडून तिकडे वळले. आई दिवसभर फडकं घेऊन दोराखाली बसून राहिली. येणारी जाणारी माणसं विचारायची, ही कुठली मासळी गं? आई सांगायची, गोड्या पाण्यातली.

दिसायला ती झकास झाली, खोटं कशाला बोलू. पारदर्शक, लालभडक. मी एक जोडी तोंडात टाकली. आधी साखर लागली. मग गाजर, मग वेलची. आणि सगळं गिळून झाल्यावर, पाहुणे गेले असं वाटत असताना परत दार वाजावं तसा, बोंबील आला.

मी बाबांकडे बघितलं. बाबा शांतपणे चावत होते. म्हणाले, "भाकरीबरोबर चांगलं लागेल." दादाने खाल्लं. त्याचा जबडा मधेच थांबला. आई समोर उभी होती, लुगड्याला हात पुसत, त्याच्या तोंडाकडे बघत. तिला स्वतःला तो वास येणं शक्यच नव्हतं, तिचं आयुष्य त्यात गेलेलं.

"मस्त झालंय, आये," दादा म्हणाला.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गाजरं भरली गेली. सहारला विमानतळावर सोडायला गेलो तर मी सारखी दादाच्या बॅगेवर नजर ठेवून होते. मला वाटलं, हा आत गेला की पहिल्या कचऱ्याच्या डब्यात टाकणार. आईला कसली शंका नाही. ती आजूबाजूच्या लोकांना सांगत होती, पोराला गाजर दिलंय.

दोन-तीन महिन्यांनी दादाची कॅसेट आली. तेव्हा तिकडून पोरं बोललेली टेप पाठवायची. खोली बरी आहे, ऊन फार आहे, जेवणात भात मिळतो. गाजराचं एक अक्षर नाही. आईने शेजारच्यांचा टेपरेकॉर्डर परत परत चालवला. मग तो बंद करून मला म्हणाली, "बाय, खरं सांग. गाजराला काय झालेलं?"

मी सांगितलं. वास येत होता म्हणून सांगितलं.  तिने उठून नुसते दोन्ही तळहात हुंगून बघितले. मला इतकं वाईट वाटलं की जेवण गेलं नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ती गाजराच्या वाटेलाच गेली नाही. दादा सुट्टीवर यायचा हिवाळा आला, तेव्हा मात्र तिने बाईंच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नाही. ताटं, पातळ कापड, समुद्राकडच्या खिडक्या गच्च बंद. बाबांना मासे हाताळून आत यायची बंदी. फोडी सुकल्या तेव्हा तिने आम्हा सगळ्यांना रांगेत उभं करून हुंगायला लावलं. वास नव्हता. पार्ल्याच्या कुठल्याही घरात शोभली असती अशी ती कँडी होती.

दादा आला. काळवंडला होता, जाडही झाला होता. आईने पाणी द्यायच्या आधी ताटलीच पुढे केली. त्याने एक फोड खाल्ली. दुसरी उचलली, नाकाशी नेली आणि परत ठेवली.

"काय झालं?" आईचा चेहरा उतरला. "आता नाय येत वास. मी बघितलंय."

दादाने बॅग उघडली आणि तो पत्र्याचा डबा काढला. आत एकच जोडी उरली होती, एकीत दुसरी अडकवलेली, वाळून लाकूड झालेली. ती त्याने आईच्या हातावर ठेवली.

"बाकीची खोलीतल्यांनी खाल्ली. वास कसला म्हणून कोण विचारलं नाय, प्रत्येकाच्याच डब्याला कसला ना कसला वास," तो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "ही मी ठेवली. झोप नाय आली की डबा उघडायचो. घराचा वास यायचा. आता तो पण संपला."

आई म्हणाली, "मेल्या, टेपमधे बोलायला काय झालेलं?"

"टेपवर रडू आलं असतं ना, आये."

आईने ती जोडी मांजरीपुढे टाकली. मांजरीने हुंगली आणि चक्क चाटायला लागली. मग आईने ताटात उरलेल्या फोडी पदरात घेतल्या आणि चालत वलांडीपाशी गेली. आम्ही मागोमाग. तिने दोरावरचे बोंबील दोन्ही हातांनी बाजूला सारले, आणि मधे जागा केली.