शिरा वाढायची पाळी

माझ्या मुलीला जपानी शाळेनं बिघडवलं, असं मी पहिल्या वर्षी सगळ्यांना सांगायचे. नवऱ्याच्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही तिथे तीन वर्षं होतो आणि ही पहिलीपासून तिथल्या साध्या सरकारी शाळेत. वर्ग झाडायला तिथे वेगळं माणूस नाही. पोरंच झाडतात, पोरंच जिना पुसतात. दुपारचं जेवणही पोरंच वाढतात. पांढरा एप्रन, पांढरी टोपी, तोंडाला मास्क आणि हातात भलामोठा डाव. मी तणतणत शाळेत गेले होते. ‘मी मुलीला शिकायला पाठवते, झाडायला नाही,’ हे वाक्य वाटेत घोकलंसुद्धा. तिथल्या बाई इतक्या वाकून सामोऱ्या आल्या की मीही दोनदा वाकून परत आले.

वाढायची पाळी आठवडाभर असायची. शुक्रवारी एप्रन घरी यायचा, तो धुऊन, इस्त्री करून सोमवारी पुढच्या मुलाला द्यायचा. एकदा मी तो तसाच चुरगळलेला पिशवीत कोंबला, तर हिनं काढून माझ्यापुढे ठेवला. “आई, हा आता दुसऱ्या कुणीतरी घालायचाय ना!” सात वर्षांची होती. मी इस्त्री तापवली. पुढे मलाही ते सगळं आवडायला लागलं, हे कबूल करते. शेवटच्या मुलाला वाढून होईपर्यंत कुणी घास उचलायचा नाही, हा नियम तर आपल्या पंगतीतलाच. फक्त तिथले वाढपी दुधाच्या दातांचे.

मग आम्ही नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला आलो. नवऱ्याला बढती मिळाली, मला सायकल मिळाली आणि मुलगी गप्प झाली. इथे मुलं डब्यात पाव-चीज आणतात आणि आपापल्या जागेवर पंधरा मिनिटांत संपवतात. कुणी कुणाला वाढत नाही. घरी ही मराठीत अखंड बडबडायची, वर्गात मात्र तोंडाला कुलूप. पाच महिन्यांनी तिच्या शिक्षिकेनं, मुलं जिला ‘युफ’ म्हणतात तिनं, मला बोलावून घेतलं. डच माणसं आडपडदा ठेवत नाहीत. “तिला सगळं कळतं,” युफ इंग्रजीत म्हणाली, “पण ती एक शब्द बोलत नाही. वर्षभर तिला दुसऱ्या गावातल्या शाळेत, डच शिकवणाऱ्या खास वर्गात पाठवावं असं मला वाटतं. महिनाअखेरीला ठरवू.”

घरी येऊन मुलीला सांगितलं. “परत नवी शाळा?” एवढंच म्हणाली आणि खोलीत निघून गेली. नऊ वर्षांत तिसरी शाळा. आम्ही नोकरीच्या मागे धावायचं आणि पोरीनं दर वेळी पहिल्यापासून ओळखी करायच्या!

त्याच महिन्यात तिचा वाढदिवस होता. इथे वाढदिवसाला मूल वर्गात खाऊ वाटतं. खाऊ म्हणजे मनुक्यांची इवलीशी डबी, नाहीतर काडीला टोचलेले चीजचे तुकडे. मला कसलं पटतंय! वर्ग हिला विसरता कामा नये म्हणून मी सगळ्यांसाठी शिरा करायचा ठरवला. युफनं बजावल्यामुळे काजू-बदाम नाहीत, पण केळं आणि तूप सढळ हातानं. “वाढणार मी,” मुलीनं आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. मी नुसतं ‘हो हो’ केलं. आपल्याकडे वाढदिवसाची मुलगी पाटावर बसते, ती कुठे वाढते?

वर्गात गेल्याबरोबर हिनं तीन मुलांना खुणेनं पुढे बोलावलं, त्यांच्या हातात कागदी वाट्या दिल्या आणि स्वतः डाव घेऊन उभी राहिली. ती वाढणार, ते नेऊन देणार. पुढच्या बाकावरच्या मुलानं चमचा उचलला, तशी ही डचमध्ये म्हणाली, “थांब.” हा तिचा त्या वर्गातला पहिला शब्द. मुलगा थांबला. युफनं मान वर केली.

मी तेव्हा तरी गप्प बसायचं की नाही? पण तिचं ते मोजकं वाढणं मला बघवेना. “अगं, चिमणीला वाढतेयस का? आण इकडे,” म्हणून मी डाव धरला. तिनं सोडला नाही. मी ओढला. पातेलं टेबलावरून घसरलं आणि उरलेला सगळा शिरा जमिनीवर!

सात-आठ मुलांच्या पुढ्यात अजून वाट्या यायच्या होत्या. मी कोट उचलला. “दुकानातून बिस्किटं घेऊन येते.”

“आई, थांब. आधी पुसायचं.”

सिंकपाशी जाऊन तिनं फडकं आणलं. तिच्या मागोमाग ती तीन मुलंही फडकी घेऊन गुडघ्यांवर बसली, मीही बसले. मग रिकाम्या वाट्या घेऊन ती बाकांमधून फिरली आणि प्रत्येकाकडून एकेक चमचा शिरा परत मागितला. ‘अगं बाई, उष्टं!’ माझ्या मनात आलं. पण उष्टं कसलं? कुणी तोंडच लावलं नव्हतं. तिनं थांबवलं होतं ना. मुलांनी कुरकुर न करता एकेक चमचा दिला आणि सगळ्या वाट्या सारख्या भरल्या.

“आता सगळ्यांची माफी माग,” ती मला मराठीत म्हणाली.

“मी? या एवढ्या-एवढ्या पोरांची?”

“तूच ओढलास ना डाव?”

मी फळ्यापुढे उभी राहिले. घाबरून येत होतं तेवढंही डच पळालं. “माझं चुकलं,” मी मराठीतच म्हणाले. तिनं ते खणखणीत आवाजात डचमध्ये सांगितलं, बरंच लांबवून. मुलं हसली आणि शिऱ्यावर तुटून पडली. युफ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “त्या दुसऱ्या गावातल्या वर्गाचं राहू द्या. ती इथेच राहील.” मला रडू आवरेना.

घरी जाताना मी तिला विचारलं, “मी दोनच शब्द बोलले. तू एवढं काय सांगत होतीस?”

सायकलचं कुलूप काढत ती म्हणाली, “माझ्या आईचं चुकलं. ती इथे नवीन आहे. ती शिकेल, पण तिला थोडा वेळ द्या.”