कानाचं मशिन आणि दूध संस्थेचा ठराव

कानाचं मशिन बिघडलं तसा आमच्या आबांचा आवाज वाढला. स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येईना, म्हणून ते इतक्या मोठ्यानं बोलायला लागले की त्यांनी आईकडं चहा मागितला तर कॅनॉलच्या पलीकडच्या वस्तीवर आधण चढायचं. मी वाढवून सांगतोय असं आई म्हणेल. पण तिनं त्या दिवसांत कानात कापूस घातला होता, तिला काय कळणार?

मशिन बारामतीच्या दुकानातनं पुण्याला दुरुस्तीला गेलं. मी बारामती एमआयडीसीत कामाला. वालचंदनगर ओलांडून बावड्याच्या रस्त्याला लागलं की आमची वस्ती. मोटरसायकलवर रोजचं जाणं-येणं. म्हटलं, दुरुस्त होऊन आलं की दुकानातनं मीच घेऊन जातो. दुकानदार म्हणाला, "कशाला हेलपाटा? आता थेट घरपोच येतं."

बाकी काही ऐकू न येणाऱ्या आबांना घरपोच मात्र बरोबर कळलं. त्यांनी छाती काढून पत्ता सांगितला आणि फोन नंबर स्वतःचा दिला. पार्सल ज्याचं, नंबर त्याचा. ज्याला फोन ऐकू येत नाही त्याच्याकडं ऐकू येण्याचं यंत्र घेऊन निघालेला माणूस आधी फोनच करणार, हे त्या दुकानात उभ्या असलेल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आता आमच्या आत्याचं सांगायला पाहिजे. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. वालचंदनगरला कंपनीच्या क्वार्टरमध्ये मुलाकडं असते. संध्याकाळी आबा डेअरीवर दूध घालून आले की तिचा फोन यायचा. फॅट किती लागली इथपासून बोलणं सुरू व्हायचं आणि लहानपणी एकमेकांची बोरं कुणी चोरली इथपर्यंत जायचं. मशिन गेलं आणि हे थांबलं. आत्या फोनमध्ये ओरडायची, तिचं ओरडणं फोनमध्ये फुटायचं, आबांच्या कानाला नुसती खरखर लागायची. थोडा वेळ ती खरखर ऐकून ते "व्हय, व्हय" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे.

एक दिवस तिचा मला फोन आला.

"तुझा बाप माझ्यावर रुसलाय का रं?"

"न्हाय गं आत्या, त्यांचं मशिन दुरुस्तीला गेलंय."

"मग व्हय व्हय कशाला म्हणतोय? मी म्हटलं माझं गुडघं लई दुखत्यात, तर म्हणतोय व्हय, व्हय, लई चांगलं झालं!"

मी समजावलं, पण तिला ते पटलं नाही. तिनं फोन करणं बंद केलं. आबा मात्र दूध घालून आले की खाटेवर बसायचे आणि फोन मांडीवर ठेवायचे. वाजला तर कळणार नाही, म्हणून त्याचा उजेड पडतोय का ते बघत राहायचे.

मशिन पुण्याहून निघालं. माझ्या मोबाइलवर त्याचा प्रवास दिसायचा. आमच्या बाराशे उंबऱ्याच्या गावातला माणूस काशीला जाऊन येईल तेवढं ते हिंडलं. एकदा बारामतीत आलं, परत पुण्याला गेलं, पुन्हा आलं, मग इंदापूरला जाऊन बसलं. माझ्या कारखान्याच्या फाटकासमोरनं ते किमान दोनदा गेलं असणार. मी हात केला असता तर थांबलं असतं.

शेवटी डिलिव्हरीवाला निघाला. मिशा पांढऱ्या व्हायला लागलेला, पोक्त माणूस. त्यानं नियमाप्रमाणं आबांना फोन केला.

"पार्सल हाय तुमचं. घरी कोन हाय का?"

"गेला की! मागच्याच महिन्यात गेला ऊस!"

"आवो, घर कुटं हाय तुमचं?"

"बरं हायेत सगळी. तुमच्याकडं झाला का पाऊस?"

पुढं त्यानंच मला हे सांगितलं. म्हणाला, "रोज लावायचो. रोज म्हातारं मला पावसाचं इचारायचं. चवथ्या दिवशी मीच सांगितलं, झाला म्हणून."

आणि एका संध्याकाळी माझ्या मोबाइलवर आलं: पार्सल पोचलं. पुरावा म्हणून खाली फोटो. फोटोत अर्धं पेंडीचं पोतं आणि एक कुत्र्याची शेपटी. आता आमच्याकडं ज्याच्या दारात म्हैस, त्याच्या दारात पेंडीचं पोतं. आणि कुत्रं तर सरकारी कार्यालयातही असतं. तो फोटो घेऊन मी आख्खी वस्ती हिंडलो. लोकांनी आपापली कुत्री आणून शेपट्या ताडून बघितल्या. एकही जुळली नाही.

कस्टमर केअरला फोन लावला. तिथल्या बाईंनी आधी हिंदीत, मग मराठीत, माझी अडचण त्यांना समजते असं सांगितलं, आणि पार्सल मिळालं नसल्याची तक्रार लिहून घेतली. माझ्याशी इतक्या गोड आवाजात घरातलं कुणी कधी बोललेलं नाही. मशिन काही आलं नाही.

खरं तर आमच्या भागात पार्सल घरी येतच नाही. पत्ता काय सांगणार? विजेच्या डीपीच्या डावीकडं, कॅनॉलच्या कडंनं, आणि आडनाव विचारलं तर पाणंदीच्या दोन्ही अंगाला एकच. म्हणून डिलिव्हरीवाल्यांनी आपसांत ठरवलेलं, सगळं गावच्या दूध संस्थेत टाकायचं. दूध घालायला प्रत्येक घरचं माणूस दोन वेळा येतंच. साड्या, चपला, मिक्सर, पोरांची खेळणी, सगळं पेंडीच्या पोत्यांवर. ढीग इतका वाढला की फॅटचं मशिन त्याच्यामागं दिसेनासं झालं. एकदा एका खोक्यात दाढीचं मशिन आपोआप सुरू झालं, तेव्हा गांधीलमाश्या समजून लोक दूध न मोजताच पळाले. एकानं पेंडीबरोबर दुसऱ्याच्या बायकोची पैठणी घरी नेली आणि ती दोन घरं अजून बोलत नाहीत. सेक्रेटरीला मी विचारलं होतं. त्यानं ढिगाकडं बोट केलं. "बघा तुमीच." मी बघितलं, पण तळापर्यंत जायला पोकलेन लागला असता.

मग संस्थेची वार्षिक सभा आली.

आमच्याकडं ठराव वाचून संपायच्या आत मंजूर होतो. सेक्रेटरी एका दमात वाचतो, पुढच्या रांगेतली जुनी माणसं "मंजूर!" म्हणतात, मागून सगळी सभा म्हणते, झालं. पुढच्या रांगेनं म्हटल्यावर मागं कुणी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. आबा पुढच्या रांगेत, कडेला. ऐकू तर काही येत नव्हतं, पण त्यांनी युक्ती काढली होती. शेजारच्याच्या तोंडाकडं बघायचं. तोंड उघडलं की मंजूर. अहवाल मंजूर, जमाखर्च मंजूर. आवाज असा की पत्र्यावरची कबुतरं प्रत्येक ठरावाला उडत होती.

शेवटचा ठराव सेक्रेटरीचा स्वतःचा होता. संस्थेत यापुढं कुणाचंही पार्सल ठेवू नये, आणि पडून असलेली सगळी आजच परत करावीत.

प्रत्येकाचं काही ना काही त्या ढिगात होतं. चेअरमननी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. पुढची रांग जमिनीकडं बघत होती. ठराव बारगळणार, एवढ्यात आबांच्या शेजारच्या तात्यांना जांभई आली.

"मंजूर!" आबा गरजले.

सवय वाईट. आख्खी सभा मागून म्हणाली, "मंजूर!"

डिलिव्हरीवाला बाहेर गाडी लावून उभाच होता. चेअरमन म्हणाले, "उचला, पावणं." तो एकेका खोक्यावरचा कोड मोबाइलनं टिपून पोत्यात भरायला लागला. ढीग उतरला तसं तळाचं पेंडीचं पोतं दिसलं, त्याच्या कडेला संस्थेचं कुत्रं झोपलेलं, आणि ती शेपटी मी लगेच ओळखली. शेपटीशेजारी साबणाच्या वडीएवढा डबा. वर आबांचं नाव.

"आवो, हे आमचं!" मी धरलं.

"व्हय," तो मोबाइल दाखवत म्हणाला, "पन तक्रार हाय यावर, मिळालं न्हाय म्हणून. टिपलं की परत जातंय. आता माज्या हातात न्हाय."

"तक्रार मीच केलीय!"

"मग तुमालाच ठावं."

सेक्रेटरी मागून म्हणाला, "आन् ठराव आबांनीच मंजूर केलाय."

आबा हसून सगळ्यांना हात जोडत होते. सभा छान झाली असं त्यांना वाटत होतं. डबा पोत्यात गेला, पोतं गाडीवर चढलं, गाडी फाट्याकडं निघाली. मी आबांना गाडीवरच्या पोत्याकडं बोट करून दाखवत होतो, त्यांनी डिलिव्हरीवाल्याला टाटा केला.

घरी आल्यावर पाटीवर लिहून सांगितलं. त्यांनी वाचलं, पाटी पुसली आणि खाटेवर जाऊन बसले. फोन मांडीवर.

दुसऱ्यांदा पाठवायचं ठरलं तेव्हा दुकानदार म्हणाला, पत्ता असा द्या की चुकणार नाही. तसा पत्ता आमच्या सगळ्या खानदानात एकीचाच. क्वार्टरला नंबर, लाइनीला नंबर, दारावर पाटी. मी आत्याचं नाव घातलं, तिचाच फोन घातला. डबा सरळ तिच्या दारात गेला. तिनं डिलिव्हरीवाल्याला चहाही पाजला म्हणे.

रविवारी मी आबांना गाडीवर घेऊन वालचंदनगरला गेलो. डबा टीपॉयवर होता. आत्या दाराशी येण्याआधी तिचा आवाज आला. त्या आवाजापुढं कंपनीचा भोंगाही दबतो.

"आला का रुसूबाई!"

"रुसतंय कोन?" आबा पायरीवरनंच म्हणाले. "फोन तू बंद केलास!"

मी आबांच्या तोंडाकडं बघितलं, आबा तिच्या तोंडाकडं बघत नव्हते. ते चपला काढत होते.

मग गुडघे झाले, फॅट झाली, बोरं झाली. दोघं इतक्या मोठ्यानं बोलत होते की शेजारच्या क्वार्टरमधली माणसं दारात येऊन बसली. मी दोनदा डबा पुढं सरकवला. आबांनी त्याच्यावर चहाची बशी ठेवली.

निघताना आत्या म्हणाली, "आरं, घालून तरी बघ त्ये मशिन."

"फोनला लागंल त्ये," आबा म्हणाले आणि न फोडलेला डबा त्यांनी खिशात टाकला. "हितं कशाला?"