युनसाहेबांच्या फोटोला हार

आमची रेणू भित्री. साधीसुधी भित्री नाही हं, अगदी नंबरी. नागपूरहून नवऱ्याच्या, श्रीरंगच्या मागोमाग अमेरिकेत कॅरीला आली त्याला पंचवीस वर्षं झाली, पण हायवेवर मर्ज व्हायचं, म्हणजे भरधाव गाड्यांत घुसायचं म्हटलं की अजून ती रामरक्षा सुरू करते. बारा मिनिटांच्या वाटेला पस्तीस मिनिटं लावेल, पण आतल्या रस्त्यांनीच जाईल. फोडणी करताना आधी पंखा लावते, मग खिडकी उघडते, मग स्मोक अलार्मकडे बघून हात जोडते, आणि मग कुठे मोहरी!

अशा बाईने पोरगी कॉलेजला गेल्यावर नोकरी धरली. एकट्या म्हाताऱ्यांना सोबत करायची, सकाळी नऊ ते एक.

"मॉम, यू आर स्केअर्ड ऑफ टोस्टर्स," इला फोनवर खिदळली.

"म्हणूनच तर! मी असले की कुणाचं घर जळणार नाही."

तिच्या वाट्याला आल्या युन आजी. कोरियन, चौऱ्याऐंशीच्या, छातीत पेसमेकर. पहिल्याच दिवशी त्यांच्या मुलाने फ्रिजवरचा कागद दाखवला. गोळ्यांच्या वेळा, डॉक्टरचा नंबर आणि सगळ्यात खाली लाल अक्षरांत एक ओळ: आजोबा वारले असं आईसमोर कधीही म्हणायचं नाही. आधीची बाई म्हणाली होती, तर आजींना अॅम्ब्युलन्सने न्यावं लागलं होतं. झालं! रेणूने त्या दिवसापासून 'वारा' हा शब्दसुद्धा जपून वापरायला सुरुवात केली, तोही मराठीत, जो आजींना कळतच नव्हता.

आजोबा म्हणजे आजींचे वडील, भिंतीवरचे युनसाहेब. गोल चष्मा, ताठ कॉलर. खेड्यातले शाळामास्तर. जपानी राजवटीत दोनदा तुरुंगात गेले, सुटले, निवडणूक जिंकून सोलच्या असेंब्लीत जाऊन बसले. ते बोलायला लागले की बाजारातल्या बायका मासे कापायच्या थांबत, असं आजी सांगायच्या. १९५० च्या जूनमध्ये एका रविवारी उत्तर कोरियाशी युद्ध सुरू झालं. रेडिओ म्हणाला, सोल सुरक्षित आहे. युनसाहेबांनी दारोदार जाऊन लोकांना तेच सांगितलं, पळू नका. तीन दिवसांत शत्रू शहरात शिरला आणि शहराबाहेर पडायचा नदीवरचा पूल आपल्याच सैन्याने उडवला. त्याच्या आदल्या संध्याकाळी मोटार दारात उभी होती, पण साहेब बसले नाहीत. ज्यांना थांबा म्हटलं त्यांना टाकून कसा जाऊ, म्हणाले. सप्टेंबरमध्ये उत्तरेच्या सैनिकांनी त्यांना नेलं. नऊ वर्षांच्या आजी दारात उभ्या होत्या. त्यानंतर ना पत्र, ना निरोप. त्यांची आई रोज रात्री त्यांच्या वाटणीच्या भाताचं वाडगं रजईखाली ऊबेला ठेवायची. मरेपर्यंत ठेवलं.

तर परवाचा मंगळवार. आजी म्हणाल्या, "आज बाबांचा वाढदिवस. एकशेविसावा." आणि तोंड धुवायला गेल्या.

रेणू हळवी झाली. गाडीत गणपतीतला चंदनाचा हार पडला होता, नवा कोरा. पळत जाऊन आणला, स्टुलावर चढली, फोटो पुसला, हार घातला. आपल्याकडे फोटो पुसला की हात आपोआप हाराकडे जातो ना, तसा गेला. वरून नमस्कारही केला!

खाली उतरल्यावर मात्र तिला उमजलं. अगं बाई, फोटोला हार! म्हणजे मी युनसाहेबांना... शब्द काढायचा नाही म्हणून इतकी जपली, आणि भिंतीवर जाहीरच करून बसली!

ती परत चढली. हार ओढला तर दोरा खिळ्यात अडकलेला. आतून वॉकरची टकटक सुरू झाली. गोळ्या कुठे? फोन कुठे? अॅम्ब्युलन्सचा नाइन वन वन तर तिने जन्मात कधी लावला नव्हता.

आजी दारात थांबल्या. फोटोकडे बघितलं.

"हे काय?"

वाढदिवसाचं आहे, एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण आजींचे डोळे अगदी नऊ वर्षांच्या पोरीसारखे झाले होते. तेव्हा त्या दारातसुद्धा या पोरीला कुणीतरी खोटंच सांगितलं असेल, येतील हो संध्याकाळपर्यंत.

"आमच्याकडे," रेणू स्टुलावरूनच म्हणाली, "आमच्याकडे गेलेल्या माणसाला घालतात. माझं चुकलं. मी काढते. प्लीज, तुम्ही आधी बसा."

आजी बसल्या नाहीत. एक हात छातीवर गेला. रेणूने तिथेच गजाननाला एकवीस मोदक बोलले.

"आई गेल्यावर ते वाडगं मी ठेवलं नाही," आजी हळूच म्हणाल्या. "ठेवलं नाही म्हणून बाबा मेले, असं होईल की काय, याची तेव्हापासून भीती. कुणाला विचारायचीसुद्धा भीती. मुलाला वाटतं, तो शब्द मला सोसत नाही. मला तो एकटीने म्हणायचा नव्हता, एवढंच."

बाहेर गाडीचा दरवाजा वाजला. मुलगा! रेणूने घाईघाईने पुन्हा हाराला हात घातला.

"काढू नकोस," आजी म्हणाल्या. वॉकर सोडून त्यांनी स्टूल दोन्ही हातांनी धरलं. "डावीकडे खाली आलाय. नीट कर. त्याला मी सांगते. तू फक्त उतरू नकोस, इथेच थांब."

आणि आमची भित्री रेणू थांबली.