मामा गेली

मंगळवारी सकाळी फोन आला की मामा गेली. मी फोडणीची कढई गॅसवर तशीच सोडून मटकन खाली बसले. मोहरी जळून कोळसा झाली तेव्हा कुठे उठले.

मराठीत मामा 'गेली' होत नाही, हे मलाही कळतं. पण टांझानियात आईला मामा म्हणतात. तिशीत असताना मी एका संस्थेची स्वयंसेवक म्हणून तिथल्या एका खेड्यात दोन वर्षं राहिले, बायकांना भाजीपाल्याची रोपं करायला शिकवायला. आमचं घर केळझरकडचं, पिढीजात भाजी पिकवणारं, म्हणून माझी निवड झाली. जिच्या घरी राहायची सोय होती, ती माझी मामा. पहिल्याच दिवशी तिने माझ्यापुढे मक्याच्या पिठाचा वाफाळता गोळा आणि माठाची भाजी ठेवली. आमच्या वाडीतली तीच माठाची भाजी इतक्या लांब ताटात बघून मला असं रडू फुटलं म्हणता! तिला वाटलं, पोरीला तिखट लागलं. त्या दिवसापासून तिने माझ्या ताटात मिरची येऊ दिली नाही. आता सांगा, वर्धेच्या बाईने बिनमिरचीचं किती दिवस गिळायचं? पण हे तिला समजावण्याइतकी भाषा येईपर्यंत मला त्या चवीची सवय होऊन गेली होती.

परत आले तरी फोन सुटला नाही. आधी बूथवर रांग लावून, मग मोबाईलवर, दर रविवारी. ती सगळ्यात आधी विचारायची, काय शिजवलंस? मी वर्धेजवळ सिंदी मेघेला एकटी राहते. लग्न केलं नाही, आई बरीच वर्षं माझ्याजवळ होती, ती गेली. भाऊ शेतीपायी वडनेरला. अख्ख्या आठवड्यात माझ्या जेवणाची चौकशी करणारी ती एकच बाई होती, तीही समुद्रापलीकडे. खोटं कशाला बोलू, रविवारी तिला सांगता यावं म्हणून मी दोन भाज्या करायची.

तर भावाला फोन लावला. "मामा गेली रे," म्हटलं आणि हुंदका आला.

"कोन्ता मामा? अवं, परवाच तं भेटला मले हिंगणघाटच्या बाजारात. चांगला धडधाकट होता!"

"तो नाई रे बाबा. माही तिथची मामा. टांझानियाची."

"हात्तिच्या! जीवच घेतला ना बाई माहा. मी गाडीची किल्ली शोधून राह्यलो होतो." मग म्हणाला, "लय वय झालं असंन ना तिचं? सुटली बिचारी. तू जेवून घेजो."

भाऊ वाईट नाही माझा. मामासाठी धावत निघालाच होता की! पण तो मामा वेगळा निघाला आणि किल्ली जागेवर गेली. मला राग आला. जिची मामा गेली तिच्यासाठीच तर यायचं असतं ना?

आमच्यासारख्या परत आलेल्या स्वयंसेवकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सुरुवातीला सगळे हौसेने स्वाहिलीत लिहायचे, तिथल्या पावसापाण्याची खबर द्यायचे. आता गुलाबाची फुलं आणि गुडघेदुखीचे उपाय. मी कळवलं तशी हात जोडलेली चित्रं आली. तेवढ्यात कुणाचा तरी वाढदिवस निघाला आणि त्याच हातांनी केक पाठवले. जळो मेला तो ग्रुप!

भाजीवाली दारात आली, माझे डोळे बघून म्हणाली, "काय झालं व बाई?" म्हटलं, मामा गेली. "म्हातारा होता का?" मी हो म्हटलं आणि सांबार घेतला. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

आपल्याकडे माणूस गेलं की लोक बसायला येतात. कुणाला बोलवावं लागत नाही. पण मामाचं मला ना सुतक, ना तेरवी. माझ्या दारात कोण चपला काढणार? आणि मी तरी कुणाच्या घरी जाऊन म्हणू का, माझ्याकडे बसायला या? तीन दिवस मी एकटीच खोलीत फेऱ्या मारल्या. तिच्यासाठी माझ्यासोबत कुणीतरी एकदा बसावं, बस, एवढंच मला हवं होतं.

शुक्रवारी दुपारी तिच्या लेकीचा फोन आला. मी होते तेव्हा ही शाळेत जायची, आता आजी झाली आहे. मागे बायकांचा गलका होता. तिकडे गावातल्या बाया चटया घालून दिवसच्या दिवस घरात मुक्काम ठोकतात, दुःखाचं घर रिकामं पडू देत नाहीत. तिने विचारलं, "तुझ्याजवळ कोण बसलंय?"

माझ्या गावाची लाज कुणी राखायची? म्हटलं, "घर भरलंय. पाय ठेवायला जागा नाही."

"मग एकीला फोन दे. तुला सांभाळतात, तर मला त्यांचे आभार मानू दे."

झाली का पंचाईत! मी फोन घेऊन तशीच अंगणात धावले. शेजारीण तारेवरचे कपडे काढत होती. कुंपणावरून फोन तिच्या हातात कोंबला. "बोल व दोन शब्द. काईबी बोल."

"अवं, मले काय त्याहिची भाषा येते?" म्हणत तिने फोन कानाला लावला. फोनवर मामाची लेक बोलत राहिली, बोलता बोलता रडू लागली. शेजारणीचा चेहरा बदलला. "हो व बाई... नको रडू... आमी आहो ना इथं," म्हणाली आणि फोन हळूच मला परत दिला. मी फोन ठेवला.

"कोन गेलं व तिचं?"

"माय."

"अन् तू काऊन रडून राह्यली?"

"माही बी तेच होती."

"तुही माय तं कवाचीच गेली. मीच आलती ना बसाले."

"ते पहिली," मी म्हटलं. "हे दुसरी."

मग हातातले कपडे तिने कुंपणावर टाकले, फाटकातून वळसा घालून आत आली आणि माझ्या ओट्यावर बसली. "मंग सांगत काऊन नाई व, माय गेली म्हून?" ती माझ्यावर खेकसली.

मी कशी सांगणार? तीन दिवस मी सगळ्यांना मामा गेली, मामा गेली, असंच म्हणत बसले होते.