वाफ्याचं तोंड

माझ्या तोंडावर पदर ओढला तेव्हा कडूलिंबाचा पाला अजून जिभेवर होता आणि तो कडू लागत होता. थुंकता येत नव्हतं. गिळता येत नव्हतं. पापण्या मिटल्या होत्या त्या उघडत नव्हत्या. कान मात्र साफ होते. सासू म्हणाली, "चुलीवर पानी ठेवा वं." मोठी जाऊ रडत विचारत होती, "तिचं हिरवं लुगडं कोनत्या पेटीत हाय?" ते फक्त मला माहीत होतं.

पहाटे मी मेथीच्या जुड्या बांधायला बसले होते. आम्ही माळी. अमरावतीपासून दोन कोसांवर आमचा विहिरीचा मळा होता. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं, कारभार नागपूरचा, पण भाजी अमरावतीलाच जायची आणि उजाडायच्या आत बंडीत चढायची. ओल्या पोत्याखाली हात घातला तर करंगळीला टोचलं. काटा असेल म्हणून मी जुड्या बांधत राहिले. पोतं उचललं तेव्हा खाली मण्यार, काळा, अंगावर पांढऱ्या रेघा. नवऱ्यानं फावड्यानं त्याचे दोन तुकडे केले आणि भगताला घेऊन आला.

साप चावला की भगताची परीक्षा एकच. कडूलिंबाचा पाला चावायला द्यायचा. कडू लागला तर विष चढलं नाही. चव लागली नाही तर चढलं.

"कसं लागते?" त्यानं विचारलं.

"कडू लागते. पेढा थोडीच दिला तुमी."

सगळे हसले. भगत नारळ घेऊन गेला. नवरा बंडी जुंपून बाजाराला गेला, मीच जा म्हटलं. दिवस वर आला तशा पापण्या जड झाल्या. समोरची विहीर मला दोन दिसायला लागली. मग जीभ जड झाली, मान पडली, हातपाय गेले. सासूनं घाईघाईनं परत पाला कोंबला. "चाव. सांग, कडू लागते का?"

लागत होता. सांगायला ओठ हलेनात. उत्तर आलं नाही म्हणून ती धरून चालली की चव गेली, विष डोक्यात चढलं. जावेनं नाकाशी कापूस धरला, तो हलला नाही म्हणाली. मी श्वास घेत होते, पण कापूस हलेल एवढा नसेल. नवऱ्याला बोलवायला माणूस धाडला आणि बाकीचे तयारीला लागले.

मी घाबरले नाही असं म्हणणार नाही. पण घाबरून काही हलत नाही हे लवकरच कळलं. मग मळ्यात बायांची हजेरी घेते तशी मी अंगाची हजेरी घेतली. उजवा पाय, नाही. डावा पाय, नाही. उजवा हात, नाही. डाव्या हाताचा अंगठा तेवढा हजर निघाला, तोही अर्धामुर्धा. लोक बोलत होते, उठत होते, कोणी माझ्या अंगठ्याकडे पाहत नव्हतं.

आमच्याकडे सवाष्ण गेली की हिरव्या बांगड्या भरून पाठवतात. गल्लीतल्या बांगडीवालीला बोलावलं. ती मुसलमान, वयानं सासूएवढी. सारा गाव तिला खाला म्हणे. माझ्या लग्नाचा चुडा तिनंच भरला होता. तिनं माझा डावा हात मांडीवर घेतला, अंगठ्याचं मूळ दाबलं आणि चार बांगड्या सरकवल्या. पाचवीला मी अंगठा बाहेर काढला. बांगडी अडली. तिनं परत दाबला, मी परत काढला.

"अवं, हे तं हात आखडून राहिली," खाला म्हणाली. "लग्नातबी अशीच करे."

"मेल्यावर आखडनारच," सासू म्हणाली. "भर लवकर."

"मुरदा आखडला का आखडूनच राहते, बाई. जिंदगीत कितीक मुरद्यांचे हात भरले म्या. हे आखडते, सोडते. आखडते, सोडते." मग तिनं तोंड माझ्या कानाशी आणलं. "पोरी, ऐकून राहिली असशील तं दोनदा कर."

मी दोनदा केलं.

खालानं पदर बाजूला फेकला, बोट घालून तोंडातला पाला काढला आणि मला कुशीवर वळवलं. "पानी उतरवा! दमनी जुंपा!" सासू रडायला लागली तशी खाला तिच्यावर ओरडली, "मेली तवा रडली नाही, आता काहून रडतं? बैल आन!"

दमणीत, बैलांच्या हलक्या गाडीत, घालून मला अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीला कान लावला. ह्या सापावरचं औषध त्यांच्याकडे नव्हतं. ते म्हणाले, "श्वासाचे स्नायू बंद पडत आहेत. तिचा श्वास तुम्हाला चालवावा लागेल." दोन्ही हात धरून डोक्याच्या मागं न्यायचे, म्हणजे छाती उघडते. परत आणून बरगड्यांवर दाबायचे, म्हणजे हवा बाहेर. थांबायचं नाही.

सासू, जाऊ, खाला आणि मागून आलेला माझा नवरा, चौघांनी पाळ्या लावल्या. हात वर गेला की डाव्या हातातल्या चार हिरव्या बांगड्या वाजायच्या, खाली आला की परत वाजायच्या. कोणाचा हात मंदावला तर मला आवाजावरून कळायचं. डॉक्टर एकदा म्हणाले, "ही बेशुद्ध आहे." खाला म्हणाली, "शुद्धीत हाय, साहेब. जपून बोला." सासू दाबता दाबता शिव्या देत होती. "मर वं, मर. लय सुखाची जागा पाह्यली. अन् मेथी कोन खुडन, तुही माय?" एकही शिवी माझी चुकली नाही. तिच्या दंडांना सूज आली तरी तिनं पाळी सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझा श्वास स्वतः घेतला. मग बोटं आली, मग मान. पापण्या सगळ्यांत शेवटी आल्या.

बोलता येऊ लागल्यावर मी डॉक्टरांना पाल्याचं सांगितलं. ते खुर्ची ओढून बसले. म्हणाले, मेंदूपासून अंगभर नसा असतात, तारायंत्राच्या तारांसारख्या. एक तार बातमी आत नेते, कडू आहे, गरम आहे. दुसरी हुकूम बाहेर आणते, थुंक, ऊठ. सापानं तुमची दुसरी तार तोडली.

मी म्हटलं, "साहेब, तोडली असती तं चार दिवसांत जोडली कोनं?"

त्यांनी खुर्ची आणखी पुढं ओढली.

"आमच्या मळ्यात असं होते," मी म्हटलं. "मोट चालू असते, पाट भरून वाहते, अन् वाफा कोरडा. कारण वाफ्याच्या तोंडाशी माती बसली. पाट फुटला नाई, वाफाबी चांगला. माती निघाली का पानी शिरते."

डॉक्टर म्हणाले, "बाई, किती शिकलात?"

"चौथी. अकोल्यात."

"बरोबर आहे तुमचं. नस शाबूत असते, स्नायू शाबूत असतो. दोघांची गाठ पडते तिथं हे विष बसतं. तार तुटली हे मी चुकीचं बोललो."

ह्याचा मला गर्व आहे. तो मी कधी लपवला नाही, आजही लपवत नाही. मेंदू काय करतो हे लोक पुस्तकात वाचतात. मी पदराखाली पडून पाहिलं, आणि नीट पाहिलं.

गावात परतल्यावर मी आधी भगताच्या दारात गेले. "जिभेले काय इचारतं?" मी म्हटलं. "जीभ खरंच बोलली. पापन्या पाह्य. पापनी पडली का पाला ठेव अन् दमनी जुंप." तो रागावला. पण पुढं आमच्या गावात साप चावला की बाया पापण्या पाहायला लागल्या.

खालानं उरलेल्या बांगड्या भरायला हात पुढं कर म्हटलं. मी म्हटलं, आता नाही, मरेन तेव्हा भर. ती हसली, पण माझ्या आधी गेली. सासूही गेली, जाऊ गेली, नवरा गेला, सगळे आपापल्या वयानं. मण्यार मला चावला होता. मी आहे.