कुसुमताईंची टोपली

पिंटू तिसऱ्यांदा ओकला आणि त्यानं मान टाकली. सहा महिन्यांचं लेकरू, भर दुपार, बाहेर लू, तिकडची उन्हाळी झळ, चाललेली, हे ड्युटीवर. आणि माझी नजर गेली खिडकीतल्या पिंटूच्या औषधाच्या ड्रॉपरवर. तसलाच दुसरा ड्रॉपर मीच शेजारच्या कुसुमताईंना दिलेला, मांजराच्या पिल्लांना पाणी पाजायला. त्या पिल्लांनाही उलट्याच होत होत्या. आणि आदल्या दिवशी ताईंनी दोन्ही ड्रॉपर एकाच पातेल्यात उकळले होते. मला वाटलं, झालं, तिकडचा रोग माझ्या घरात आला.

कुसुमताई म्हणजे आमच्या पलटणीच्या क्वार्टरांच्या लायनीतल्या एका हवालदारांची बायको. कराडकडच्या, उंच, हाडकुळ्या, चालायच्या बाप्यासारख्या. मूलबाळ नव्हतं. मी जयपूरला नवीन आले तेव्हा मला हिंदी येईना, स्टोव्ह पेटवता येईना, सगळं त्यांनीच शिकवलं. पाण्याच्या टाकीमागं मांजर मेलं, त्याची तीन पिल्लं, एक काळं, एक पांढरं आणि एक करडी, त्यांनी भाजीच्या टोपलीत घातली. चार दिवसांत पिल्लं आजारी पडली, ओकायची, हगायची, डोळे आत गेले. लायनीतल्या बाया हसल्या, लेकरू नाही म्हणून मांजरं. ताईंनी टोपली डोक्यावर घेतली आणि बसनं जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेल्या. मला पण नेलं.

तिथले डॉक्टर म्हणाले, "यहाँ भैंस आती है, ऊँट आता है. बिल्ली का क्या करेंगे? दूध देती है क्या?"

ताई म्हणाल्या, "दूध तो तुम भी नहीं देते साब, फिर भी सरकार पालती है ना."

डॉक्टर हसले आणि मग बघितलं. मानेवरची कातडी चिमटीत उचलून तिथं सलाईनची सुई कशी टोचायची ते दाखवलं. दूध बंद. पाव-पाव तासानं मीठ-साखरेच्या पाण्याचे चार-चार थेंब.

ताईंनी टोपलीशेजारी गजराचं घड्याळ ठेवलं. पिल्लं केविलवाणी ओरडायची, मला बघवायचं नाही. मी म्हणायची, ताई, थोडं दूध द्या की. त्या म्हणायच्या, "घड्याळ बघ, तोंड बघू नको. तोंड बघितलं की दूध द्यावंसं वाटतं, आणि दूध दिलं की जातं ते."

त्या दिवशी सकाळी भिंतीवरून हाक आली, "शैले, ये बघ, करडीनं अंग चाटलं. आता जगती ही." सलाईन संपलेलं, ते आणायला त्या निघाल्या. टोपली माझ्याकडे देऊन म्हणाल्या, "पाव-पाव तासानं दे. तुला जमतंय आता." मी दिलं पण. दोनदा दिलं. मग पिंटू ओकायला लागला.

मी टोपली उचलली आणि मागच्या भिंतीपलीकडं, उन्हात, ठेवून आले. ठेवून म्हणते. टाकलीच.

पिंटूला घेऊन पळाले तर फाटकातच ताई समोर, सलाईनची बाटली ओल्या पंच्यात गुंडाळलेली. पिंटूकडं बघून म्हणाल्या, "अगं, जाताजाता चमच्यानं पाणी दे त्याला, मीठ-साखरेचं. घड्याळ बघ—"

मी म्हणाले, "तुम्हाला काय कळतंय? तुम्हाला लेकरू झालंय का कधी?"

त्या बाजूला झाल्या. टोपली कुठंय ते मी तेव्हा सांगू शकत होते. नाही सांगितलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी दुधाची बाटली मागितली, वास घेतला. "कब बनाया था?" मी म्हणाले, सकाळी. त्यांनी बेसिनमध्ये ओतलं, तर गाठीच पडल्या. उन्हानं नासलेलं, आणि तेच मी दुपारी पाजलेलं. मग त्यांनी मीठ-साखरेचं पाणी दिलं, थोड्याथोड्या वेळानं चमचाभर पाजायला. सिस्टरनं विचारलं, जमेल ना? मी मान हलवली. पिंटू रडायचा, मी भिंतीवरचं घड्याळ बघायची.

दोन दिवसांनी घरी आलो. काळं आणि पांढरं पिल्लू ताईंना भिंतीमागं मेलेलं सापडलं होतं. करडी सापडलीच नाही. त्या दारात आल्या, मी दिलेला ड्रॉपर उकळून माझ्या हातात दिला, विचारलं, "पिंटू पाणी ठेवतोय पोटात?" मी हो म्हणाले. बाकी काही विचारलं नाही त्यांनी. दिवाळीनंतर त्यांची बदली झाली, ट्रक भरला, गेल्या. मी खिडकीतून बघत होते.

पिंटू आता शाळेत जातो. लायनीतल्या बाया अजून म्हणतात, त्या मांजरवालीपायी पोरगं मरता मरता वाचलं. मी ऐकून घेते. नासक्या दुधाचं ह्यांनाही सांगितलेलं नाही.

कडेवर लेकरू मान टाकून पडलंय, फाटकात ताई उभ्या, आणि टोपली उन्हात. तुम्ही आई असाल तर सांगा, तुम्ही काय केलं असतं? आणि दुधाचं कळल्यावर, त्या दारात आल्या तेव्हा, तुम्ही तोंड उघडलं असतं का?