आधीचा फोटो

फोटोभाऊ पान्याला हात लावायच्या आधी मोबाईल बाहेर काढायचा. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आम्ही दोघं मेकॅनिक. पंखा बंद पडला की एक फोटो, चालू झाला की दुसरा. दुसऱ्यात शेजारी हा उभा, केस विंचरून! दोन्ही लगेच कंपनीच्या ग्रुपवर. खाली मोठ्या साहेबांचा अंगठा उमटायचा आणि माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू?

तो निफाडचा, बागायतदाराचा मुलगा. मी टोमणा मारला की हसायचा. "गोड तर सगळेच घड असतात, गड्या. पण पेटीत वरच्या थराला देखणाच लावावा लागतो. झाकण उघडणारा तेवढंच बघतो." आपण काम करावं, बोभाटा करू नये, ही आमच्या घरची शिकवण. ती मी त्याला ऐकवायचो. तो माझाही फोटो काढायला आला की पाठ फिरवायचो.

ऐन हंगामात, तो रजेवर असताना, कॉम्प्रेसर बसला. मी एकट्यानं चालू केला. द्राक्षाचा एकही मणी खराब झाला नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "बंद पडला होता? कधी?"

पुढं सुपरवायझरच्या जागेसाठी मुलाखती झाल्या. ती जागा मला हवी होती, फार हवी होती. "वर्षभरात काय केलंत?" साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, "विशेष काही नाही, साहेब. सगळं नीट चालू आहे." फोटोभाऊनं लॅपटॉप उघडला. जागा त्यालाच मिळाली. त्याचा पेढा मी तसाच खिशात टाकला. घरी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. बायको म्हणाली, "मग तुम्ही का नाही काढत फोटो?"

यंदा त्याला पुण्याला बढती मिळाली. निरोपाच्या दिवशी साहेबांनी मला बोलावून पडद्यावर फोटो दाखवले. मशीनखालून निघालेले माझे पाय, ग्रीसनं माखलेली माझी पाठ, प्रत्येकाखाली माझं नाव. त्याच्या जागी त्यानं मला सुचवलं होतं.

"चोरून काढलेस?" मी बाहेर येऊन विचारलं.

"मग काय! पण एकदा तरी तोंड इकडं करायचं ना. लय शोधलं, एकात बी नाय."

जागा मला मिळाली. पण माझं कामसुद्धा त्यानंच माझ्यापेक्षा देखणं मांडलं, याची जळजळ अजून जात नाही.

परवा एक पंखा दुरुस्त केला. केस सारखे केले, शेजारी उभा राहिलो आणि फोटो ग्रुपवर टाकला. पहिला अंगठा पुण्याहून आला. खाली लिहिलं होतं, "आधीचा फोटो कुठाय?"